बोकडाच्या कलेजीत गाठी निघाल्या, आता कुत्र्याचं काय करायचं?

डॉक्टर, नमस्कार.

आमच्याकडे थोड्या शेळ्या-मेंढ्या आणि एक कुत्रा आहे. मागच्या महिन्यात घरचा बोकड कापला, तेव्हा त्याच्या कलेजीत आणि फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी निघाल्या. तो भाग यांनी नेहमीसारखा कुत्र्यापुढे टाकला. पंधरा दिवसांनी मुतखड्याच्या शंकेने यांची सोनोग्राफी केली, तर यकृतात सहा सेंटीमीटरची 'हायडॅटिड सिस्ट' निघाली. त्रास काहीच नव्हता. शेजारी म्हणतात, त्या बोकडाचं मटण खाल्लं म्हणून झालं. दीर म्हणतात कुत्र्याला मारून टाका, सासूबाई म्हणतात शेळ्या विकून टाका. एका नातेवाइकांचं म्हणणं, सुईने पाणी काढून घ्या की झालं, मोठ्या इस्पितळात कशाला जायचं. आमची पाच वर्षांची मुलगी दिवसभर त्या कुत्र्याच्या गळ्यात पडलेली असते. तिलाही झालं असेल का? हे एकमेकांना लागतं का? यांचं ताट-तांब्या वेगळा ठेवू का?

– एक वाचक

ताई,

ताट-तांब्या एकत्रच राहू द्या. हा रोग माणसाकडून माणसाला लागत नाही. उष्टं खाल्ल्याने नाही, खोकल्याने नाही, एका अंथरुणात झोपल्यानेही नाही.

शेजाऱ्यांचा हिशेबही चुकलेला आहे. ही गाठ फार सावकाश वाढते. कुणाची वर्षाला एखादा सेंटीमीटर, कुणाची त्याहून जास्त, तर कुणाची वर्षानुवर्षं आहे तेवढीच राहते. पंधरा दिवसांत सहा सेंटीमीटर होणं शक्यच नाही. जे काही पोटात गेलं ते काही वर्षांपूर्वी गेलं, कदाचित तुमचे यजमान लहान असतानाच. तेव्हा मागच्या महिन्यातल्या जेवणाचं मनाला लावून घेऊ नका.

हा एक पट्टकृमी आहे, 'एकायनोकोकस ग्रॅन्युलोसस' नावाचा. पट्टकृमी म्हटलं की लांबलचक जंत डोळ्यांपुढे येतो, पण हा अवघा तीन ते सहा-सात मिलिमीटरचा, तीन-चार खंडांचा. तो राहतो कुत्र्याच्या आतड्यात, आणि हजारोंच्या संख्येने राहिला तरी कुत्रा धडधाकट दिसतो, खातो-पितो, भुंकतो. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत, मिलिमीटरच्या तीन-चार शतांश भागाएवढीच असतात. गवतावर, मातीत, पाण्यात, भाजीवर आणि कुत्र्याच्या स्वतःच्या केसांवर ती जातात. शेळी-मेंढी चरताना ती गिळते. अंड्यातून निघालेली अळी आतड्याच्या भिंतीतून रक्तात शिरते आणि बहुतेक वेळा यकृतात अडकते, तिथून निसटली तर फुप्फुसात, क्वचित आणखी कुठे. तिथे तिची पाण्याची गाठ होते. त्या गाठीत पुढच्या पिढीची असंख्य सूक्ष्म डोकी तयार होतात. जनावर कापलं, गाठीचा तुकडा कुत्र्याने खाल्ला, की त्यातल्या एकेका डोक्याचा एकेक पूर्ण जंत होतो.

माणूस या फेऱ्यात चुकून सापडतो. शेळीच्या पोटात अंडं जातं तसंच आपल्या पोटात जातं, आणि गाठही तशीच होते. म्हणजे गाठ असलेली कलेजी हाताळून किंवा खाऊन माणसाला गाठ होत नाही. ती होते कुत्र्याच्या विष्ठेतल्या अंड्याने. मधे कुत्रा हवाच. हे पटकन कुणाला पटत नाही, कारण डोळ्यांना गाठ दिसते ती शेळीत आणि अंडं तर दिसतच नाही.

शेजाऱ्यांचा गोंधळ अगदीच निराधार नाही म्हणा. डुकराच्या पट्टकृमीत मांसाचा संबंध खरोखर असतो. कच्चं राहिलेलं, गाठी असलेलं डुकराचं मांस खाल्लं की माणसाच्या आतड्यात लांब जंत होतो. जर्मनीतल्या क्यूखनमाइस्टर नावाच्या डॉक्टरने १८५५ मध्ये हे सिद्ध केलं, तेही फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याला न सांगता तसल्या गाठी खाऊ घालून. आज असा प्रयोग करणाऱ्यालाच तुरुंगात टाकतील. पण त्या रोगातही मेंदूत गाठी होऊन फिट येते ती मांसाने नाही. ज्याच्या पोटात तो जंत आहे त्या माणसाच्या विष्ठेतली अंडी अन्न-पाण्यातून गिळल्याने येते. गाठ व्हायला अंडंच पोटात जावं लागतं, हे दोन्हीकडे सारखं.

तुमच्या पत्रात 'फुप्फुसात' हा शब्द आहे, तो फार कामाचा ठरला. शेळ्या-मेंढ्यांच्या पोटात दुसऱ्याही एका पट्टकृमीचे पाण्याचे फुगे सापडतात. ते आतड्यावरच्या चरबीच्या पडद्याला किंवा कलेजीच्या पृष्ठभागाला लोंबकळत असतात, त्यांचं आवरण पातळ असतं, आणि उजेडात धरलं तर आत लांब मानेचा एकच पांढरा ठिपका दिसतो. तो माणसाला काही करत नाही. हायडॅटिड गाठ मात्र अवयवाच्या आत रुतलेली असते. तिचं आवरण जाड, पांढरट. बोटाने दाबलं तर टणक, ताणलेली लागते. आत पाणी स्वच्छ असतं आणि पिकलेल्या गाठीत तळाशी बारीक गाळ असतो, त्यालाच हायडॅटिड वाळू म्हणतात. खरी गोम त्या गाळात आहे, तीच ती सूक्ष्म डोकी. पुढे कधी अशी गाठ दिसली तर कापून बघायच्या फंदात पडू नका. अर्थात, निरुपद्रवी फुगे सापडले तरी एक गोष्ट कळतेच, की परिसरातल्या कुत्र्यांना कच्चे अवयव खायला मिळताहेत.

आता कुत्र्याकडे वळू, कारण घाई तिथे आहे. दिरांना सांगा, मारायची काही गरज नाही. आत्ताच्या कुत्र्याला मारून यजमानांच्या पोटात वर्षांपूर्वी गेलेलं अंडं परत निघणार नाही, आणि उद्या दुसरा कुत्रा आणलात व त्यालाही तसंच खायला घातलंत तर फेरा तिथून पुन्हा सुरू. शिवाय औषधाने हा कुत्रा साफ होतो.

गाठ खाल्ल्यापासून जंत अंडी टाकू लागेपर्यंत साधारण सहा आठवडे जातात. बोकड मागच्या महिन्यात कापला, म्हणजे त्या खाण्यातले जंत अजून अंड्यावर आले नसतील किंवा नुकतेच येत असतील. पण तुम्ही 'नेहमीसारखा' असं लिहिलंय, त्यामुळे आधीचे जंत पोटात असतीलच असं धरून चला. पत्र वाचून झालं की त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना गाठा आणि औषधाचं नाव घेऊन मागा: प्राझिक्वान्टेल. 'जंताचं औषध द्या' एवढंच म्हणू नका. बाजारातली बरीच औषधं गोल जंतांवर चालतात, या पट्टकृमीला ती पुरत नाहीत. नेहमीचं प्रमाण वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅम असतं, पण वजन अंदाजाने धरू नका आणि गोळी डॉक्टरांच्या समोरच द्या. कुत्रा गोळी गालात धरून बाहेर जाऊन थुंकतो, हे मी किती वेळा पाहिलंय.

गोळी दिल्यानंतरचे दोन दिवस सगळ्यात जोखमीचे, आणि नेमकं तेच सगळे विसरतात. औषधाने जंत मरतात, अंडी मरत नाहीत. मेलेल्या जंतांबरोबर अंडी बाहेर पडतात. म्हणून दोन दिवस कुत्रा बांधून ठेवा, मुलीला जवळ फिरकू देऊ नका, हातमोजे घालून सगळी विष्ठा गोळा करा आणि जाळा किंवा खोल पुरा. ती जागा उकळत्या पाण्याने धुवा. फिनेल ओतून समाधान मानू नका, नेहमीच्या जंतुनाशकांना ही अंडी दाद देत नाहीत. उष्णतेने आणि कडक कोरड्या हवेने ती मरतात; थंड, ओलसर सावलीत मात्र महिनोन् महिने जिवंत राहतात. घरच्या फ्रीजमधल्या थंडीनेही मरत नाहीत.

विष्ठा तपासून घेऊ का, असं तुम्ही पुढच्या पत्रात विचाराल म्हणून आत्ताच सांगतो. सूक्ष्मदर्शकाखाली या जंताची अंडी आणि कुत्र्याच्या इतर काही पट्टकृमींची अंडी सारखीच दिसतात, आणि प्रत्येक नमुन्यात ती सापडतीलच असंही नाही. तपासणीत काही निघालं नाही म्हणून निर्धास्त राहू नका. कुत्र्याच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यांसारखे वळवळणारे पांढरे तुकडे दिसतात ते दुसऱ्याच जंताचे. हा आपला जंत इतका बारीक की तो दिसायची वाट बघण्यात अर्थ नाही.

पुढे औषध किती वेळा? कच्चे अवयव कुत्र्याच्या तोंडी लागण्याची शक्यता आहे तोवर दर सहा आठवड्यांनी. सहाच का, तर पुन्हा जंत झालेच तरी अंड्यावर यायच्या आत ते मरावेत म्हणून.

पण सगळा भार औषधावर टाकू नका. औषधापेक्षा कितीतरी मोठी गोष्ट तुमच्या हातात आहे, आणि ती म्हणजे जनावर कापल्यावर कलेजी, फुप्फुस, काही म्हणता काही कच्चं कुत्र्यापुढे टाकायचं नाही. गाठ दिसली तरी नाही, न दिसली तरी नाही, कारण लहान गाठी आत दडलेल्या असतात. खराब भाग खोल खड्ड्यात पुरा, वर दगड ठेवा, नाहीतर रात्री कुत्रा उकरून काढतोच. जाळता आलं तर उत्तम. कुत्र्याला घालायचंच असेल तर अर्धा तास खळखळून उकळा आणि मग घाला. आजारी पडून मेलेली शेळी उघड्यावर टाकून देणं हेही त्यातच आलं. कळपामागे फिरणाऱ्या कुत्र्याला ते आयतं जेवण असतं.

शेळ्या विकण्याचं कारण मला तरी दिसत नाही. एका शेळीकडून दुसरीला हे लागत नाही, दुधातून तर नाहीच. गाठी झालेल्या जनावराला बाहेरून ओळखण्यासारखं बहुधा काही दिसत नाही, आणि कळपावर उपचार करणंही व्यवहार्य नसतं. मेंढ्यांसाठी एक लस आहे, ईजी९५ नावाची, काही देशांत ती वापरतात. तुमच्याकडे मिळते का ते तुमचे डॉक्टर सांगतील. तोवर एवढं करा, की चारा साठवता तिथे आणि पाण्याच्या कुंडाशी कुत्र्याला फिरकू देऊ नका. म्हाताऱ्या जनावरांत गाठी मोठ्या झालेल्या असतात, ती कापताना जास्त लक्ष ठेवा. आणि एखादी मेंढी मान वाकडी करून एकाच दिशेने गोल गोल फिरायला लागली, तर तीही कुत्र्याच्याच आणखी एका पट्टकृमीची करामत असू शकते, गाठ तिच्या मेंदूत असते. अशा मेंढीचं डोकं कुत्र्याला घालणं म्हणजे पुन्हा तेच.

आता तुमच्या यजमानांबद्दल. मी जनावरांचा डॉक्टर आहे, त्यामुळे उपचार ठरवणं माझं काम नाही, पण इस्पितळात काय विचारायचं ते सांगतो. नातेवाइकांच्या सुईला मात्र साफ नकार द्या. गाठीतलं पाणी पोटात सांडलं तर दोन संकटं उभी राहतात. एक, शरीराची इतकी तीव्र ॲलर्जी उसळू शकते की मिनिटांत रक्तदाब कोसळतो आणि जीव जाऊ शकतो. दोन, सांडलेल्या प्रत्येक सूक्ष्म डोक्यातून पोटात नवी गाठ होऊ शकते, म्हणजे एकीच्या जागी कितीतरी. सुईने पाणी काढण्याची शास्त्रशुद्ध पद्धत आहे, तिला 'पेअर' म्हणतात: सोनोग्राफीत बघत पाणी ओढायचं, आतल्या डोक्यांना मारणारं द्रव भरायचं, थोड्या वेळाने तेही काढून घ्यायचं. पण ती आधी गोळ्या सुरू करून, ॲलर्जीवरची औषधं हाताशी ठेवून, गाठ पित्तनलिकेशी जोडलेली नाही ना हे तपासून, अनुभवी हातांनीच करायची असते. तुमच्या डॉक्टरांनी मोठ्या इस्पितळात पाठवलं ते योग्यच केलं.

तिथे पहिला प्रश्न विचारा: गाठ कोणत्या टप्प्यातली आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने सोनोग्राफीवरून टप्पे पाडले आहेत, सीई-१ पासून सीई-५ पर्यंत, आणि सहा सेंटीमीटर या आकड्यापेक्षा टप्प्यावर जास्त अवलंबून असतं. आत नुसतं पाणी असेल तर एक मार्ग, आत पिल्लू-गाठी भरल्या असतील तर बहुधा शस्त्रक्रिया. आणि गाठ आतून घट्ट होऊन, चुना साचून निजलेली असेल तर काहीही न करता फक्त दर काही महिन्यांनी बघत राहणं हाही रीतसर उपचारच आहे. 'काही केलंच नाही' म्हणून डॉक्टर बदलत फिरू नका.

गोळ्या दिल्या तर त्या अल्बेन्डाझोलच्या असतील. शाळेत मुलांना एक गोळी देतात तेच औषध, पण इथे रोज दोन वेळा, महिनोन् महिने. उपाशीपोटी घेतली तर फारशी अंगी लागत नाही, तेल-तुपाच्या जेवणाबरोबर घ्यायची. मधूनमधून रक्ततपासणी चुकवायची नाही, कारण यकृतावर आणि पांढऱ्या पेशींवर तिचा परिणाम होऊ शकतो. दुकानातून स्वतःच आणून 'सगळ्यांनीच घेऊया' असं करू नका, आणि घरात कुणी गरोदर असेल तर अजिबात नाही.

रोजची कामं त्यांनी करावीत. पोटावर मार बसेल असं काही मात्र टाळा, शिंगं मारणारा बोकड त्यांनी आवरू नये. अचानक जोरात पोट दुखलं, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला, चक्कर आली, ताप किंवा कावीळ दिसली, किंवा खोकल्यातून खारट पाणी आलं, तर सकाळची वाट न बघता इस्पितळ गाठा आणि दारातच सांगा की पोटात हायडॅटिड गाठ आहे.

एकट्या तुमच्या घराने सगळं पाळलं तरी शेजारचा कुत्रा तुमच्याच अंगणात येतो, ही खरी अडचण. आइसलँडमध्ये एकेकाळी हा रोग घरोघरी होता. १८६३ मध्ये हाराल्ड क्राब्बे नावाचा डॅनिश शास्त्रज्ञ तिथे गेला, त्याने शंभर कुत्रे तपासले आणि अठ्ठावीस जणांत हा जंत निघाला. मग साध्या भाषेतली एक पुस्तिका लोकांत वाटली गेली: अवयव कुत्र्याला घालू नका, पुरा किंवा जाळा. पुढे १८६९ आणि १८९० मध्ये कायदेही आले, आणि पिढ्या-दोन पिढ्यांत रोग हटला. त्या काळात ना प्राझिक्वान्टेल होतं ना सोनोग्राफी. न्यूझीलंडने १९५९ मध्ये खास कायदा केला आणि २००२ मध्ये तिथे रोग हटल्याचं जाहीर झालं. ही बेटं, बाहेरचा कुत्रा सहज येत नाही, त्यामुळे त्यांचं काम सोपं होतं हे मान्य. तरी जनावर कापणारी जी चार-पाच घरं तुमच्या आसपास असतील, त्यांनी एक सामाईक खड्डा खणला आणि कुत्र्यांना एकाच दिवशी औषध दिलं, तर फरक पडायला एवढंही बरंच आहे. दिरांचा उत्साह कुत्रा मारण्यापेक्षा खड्डा खणण्यात लावा.

राहिली मुलगी. तिला झालंच असेल असं नाही, पण एकाच अंगणात वाढलेल्या सगळ्यांची एकदा पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी, तुमचीसुद्धा. दुखत नाही, किरण लागत नाहीत. मुलांत फुप्फुसातल्या गाठी तुलनेने जास्त दिसतात, तेव्हा तिला बरेच दिवस खोकला असेल तर छातीचा एक्स-रे काढायचा का ते डॉक्टरांना विचारा. नुसत्या रक्ततपासणीवर जाऊ नका. गाठ असूनही ती कधी कधी काही दाखवत नाही. आणि अगदी नवी गाठ सोनोग्राफीत दिसत नाही, म्हणून आज सगळं ठीक निघालं तरी पुन्हा कधी तपासायचं ते तारखेसह लिहून घ्या.

कुत्र्याचे औषधानंतरचे दोन दिवस झाले की त्याला मोठ्या माणसाने हातमोजे घालून साबणाने चांगली आंघोळ घालावी, तोंडाभोवतीचे आणि मागचे केस नीट चोळून, कारण अंडी तिथेच चिकटलेली असतात. मग खुशाल खेळू दे तिला. फक्त तोंड चाटू द्यायचं नाही, नखं कापलेली हवीत, आणि खेळून आली की काही तोंडात घालायच्या आधी साबणाने हात. तो नियम तुम्हालाही, शेळ्यांच्या गोठ्यातून आल्यावर.